सोवळं पोट

माझ्या सासऱ्यांना माणसांची किळस येते. कुणा एकाची नाही, सगळ्यांचीच. त्यांचं नाव मी घेत नाही, केलिननं, म्हणजे सुनेनं, सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं आमच्यात, नुसतं ‘अता’ म्हणायचं, म्हणजे बाबा. पण आमच्या कारागांदा शहरातला कुणीही जुना खानावळवाला तुम्हाला ते नाव सांगेल आणि सांगून झाल्यावर थुंकेल. एकेचाळीस वर्षं आरोग्य निरीक्षक होते. खाणकामगारांच्या खानावळी, शाळांची स्वयंपाकघरं, बेकऱ्या, जिथे तिथे हा माणूस पांढरा डगला चढवून शिरायचा, ओट्यावरून बोट फिरवायचा आणि दाराला सील ठोकून बाहेर पडायचा. निवृत्त झाले तेव्हा तपासायला एकच स्वयंपाकघर उरलं, ते माझं.

अकरा वर्षं झाली मला त्या घरात. वाढण्याआधी मी दोन्ही हात पुढे करायचे आणि ते चष्मा लावून नखं बघायचे. चहाच्या वाट्या उकळत्या पाण्यातून दोनदा काढायच्या, कांद्याची सुरी निराळी, मांसाची निराळी, आणि फरशीवर क्लोरीन एवढं की पाहुण्यांचे डोळे चुरचुरायचे. त्यात मी कार्करालीकडची, मेंढपाळाची पोर. आमच्याकडे हिवाळाभर चूल शेणींवर पेटते, आणि शेणी काही आकाशातून पडत नाहीत, हातांनी थापाव्या लागतात. सोयरिकीच्या बैठकीत माझी आत्या हे कौतुकानं सांगून बसली, आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं तेझेक, म्हणजे शेणी. खरं नाव उलबोल्सिन. त्याचा अर्थ ‘आता तरी मुलगा होऊ दे’. बापानं नावसुद्धा माझ्यासाठी ठेवलं नव्हतं. तरी शेणीपेक्षा बरंच म्हणायचं.

कुणाकडे जेवायला जायचं झालं की म्हातारा निघण्याआधी लेवोमायसेटिनच्या दोन गोळ्या गिळायचा आणि परत आल्यावर आणखी दोन. ही जंतू मारणारी कडूजहर गोळी आमच्याकडे घरोघरी सापडते, सुईदोऱ्याच्या डब्यातसुद्धा. पोट बिघडलं की लोक घेतात. हे बिघडू नये म्हणून घ्यायचे, तेही चाळीस वर्षं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाला, आपल्या कुमिसला, ते ‘पातळ जंतू’ म्हणायचे. एवढं सोवळं पोट अख्ख्या शहरात दुसरं नसेल.

मग मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली आणि फुफ्फुसात तिची पिल्लं. वेरा गेन्नादियेव्ना म्हणून आमच्या डॉक्टरीणबाई, कोरियन वंशाच्या, बोलायला फटकळ, पण हाताला गुण आहे. त्यांनी नवं औषध सुरू केलं. हे औषध गाठीला मारत नाही, शरीरातल्याच पहारेकऱ्यांच्या साखळ्या सोडतं आणि ते गाठीवर धावून जातात. दर तीन आठवड्यांनी एक सलाइन. तिसऱ्या सलाइननंतर फुफ्फुसातल्या गाठी निम्म्यावर आल्या. साकेन, माझा नवरा, दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. आणि त्याच आठवड्यात म्हाताऱ्याचं पोट सुटलं.

कसं सुटलं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दिवसाला पंधरा-सोळा वेळा. आधी पाणी, मग शेंबडासारखी आव, मग रक्त. संडासापर्यंत पोचायच्या आत पायजमा भरायचा. वास केसांत बसला, कणकेत बसला, माझ्या पोरीच्या दप्तराला यायला लागला. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायचा नसतो म्हणतात. पण ते नियम मुलगा हातपाय हलवत असेल तेव्हाचे. साकेन दाराशी उभा राहायचा, नाकावर बाही धरून विचारायचा, काही हवंय का म्हणून. हवे होते ना, आणखी दोन हात हवे होते. मी त्यांच्या अंथरुणाशी ठेवलेलं घमेलं धुवायचे, त्यातच ओकायचे आणि परत धुवायचे.

पुसून घेताना म्हातारा तोंडावर टॉवेल ओढायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, बिचाऱ्याला लाज वाटतेय. वाईट वाटलं हो मला. मग एकदा टॉवेलाखालून आवाज आला: “हातमोजे दोन घाल, एकावर एक.” लाज कसली आली, माझ्या हातांची शिसारी येत होती त्यांना. स्वतः त्या चिखलात लोळताहेत आणि घाण कोण, तर मी.

वेरा गेन्नादियेव्नांनी सलाइन बंद केलं. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, जरा आवरलं, मात्रा कमी केली की पुन्हा तेच. दुसरं एक जबर औषध टोचलं, त्याचाही पाड लागला नाही. आणि मग कळलं की पहिले आठ दिवस या माणसानं दुखणं आमच्यापासून लपवलं होतं आणि गुपचूप लेवोमायसेटिनचं अख्खं पाकीट रिचवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. पहारेकरी सोडलाय चोरावर, पण तो घरच्यांनाच चावतोय, आतड्याला. पोटातले जंतू या पहारेकऱ्याला घरचं कोण आणि परकं कोण ते शिकवत असतात. ज्याच्या पोटात नाना जातीचे जंतू, त्याच्याकडे हा त्रास कमी होतो असं दिसतंय; सगळं अजून कुणालाच ठाऊक नाही, असंही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. पण तुमच्या वडिलांच्या पोटात शिकवणारं कुणी उरलेलंच नाही, चाळीस वर्षं विष घालून मारलंय. मला लगेच पटलं. आमच्याकडे मेंढ्यांचं कुत्रं पिल्लू असतानाच मेंढ्यांत सोडतात. एकटं वाढवलं तर पहिल्या दिवशी मेंढीचाच गळा धरतं.

मग त्यांनी उपाय सांगितला. निरोगी माणसाचा गू घ्यायचा, तपासायचा, मिठाच्या पाण्यात घोळून गाळायचा आणि नळीनं म्हाताऱ्याच्या आतड्यात सोडायचा. नाहीतर आतडं फाटेल, आणि फाटलं नाही तरी कॅन्सरचं सलाइन पुन्हा कधीच लावता येणार नाही. म्हणजे मरण ठरलेलंच, कोणत्या दारानं येईल एवढाच प्रश्न.

इथे झामाल अपा मध्ये पडल्या. या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, अख्ख्या भाऊबंदकीचा लगाम त्यांच्या हातात. त्यांना गुवाचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं कुळाचं. सात पिढ्यांची नावं तोंडपाठ ठेवून त्या पिढ्यांत सोयरीक न करणारी आपली जात, आणि परक्या हाडाचं काहीबाही भावाच्या पोटात जाऊ देऊ? जे जायचं ते आपल्याच रक्ताचं जाईल. वेरा गेन्नादियेव्ना म्हणाल्या की जंतूंना कूळ नसतं, पण ऐकतंय कोण. भाऊबंदांची रांग लागली. जणू वाटा मिळणार होता, असे एकेक डबा घेऊन आले.

साकेनच्या नमुन्यात परजीवी निघाले. एका चुलतभावाला जुनी कावीळ. दुसऱ्याचं रक्त बघूनच डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि बायकोला न सांगता उपचार घ्यायला सांगितलं. सगळ्यांची भिस्त होती दुलातवर. झामाल अपांचा नातू, कुस्तीगीर, मान रेड्याची, दात असे की जाहिरातीत घालावेत. त्यानं महिन्यापूर्वी दाढेसाठी प्रतिजैविकं खाल्ली होती, आणि दंड फुगवायला काय काय टोचून घेतलं होतं ते तर विचारूच नका. चार मर्द आले आणि चारही नापास झाले.

मला डबा दिला तो डॉक्टरीणबाईंनी, कुणाला न विचारता. आठवड्यानं त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि कागद दाखवला. म्हणाल्या, एवढ्या जातींचे जंतू मी या इमारतीत अजून पाहिले नाहीत, काय खाऊन वाढलीस तू? मी म्हटलं, शेणीच्या राखेत भाजलेली भाकर. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

दाता मी आहे हे साकेन आणि अपांना कळलं होतं, पण दात्याचं नाव रुग्णाला सांगत नाहीत, तसा दवाखान्याचा नियमच होता. सासऱ्यांनी मात्र जन्मभराच्या सवयीनं विचारलं: माल कुठला, कधीचा, कुणी तपासला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचे कागद दाखवले आणि नाव झाकलं. त्यांनी एकेक ओळ वाचली. मग झामाल अपांकडे बघून म्हणाले, दुलातच असणार, असलं स्वच्छ रक्त दुसऱ्या कुणाचं आहे? अपांनी मान खाली घातली. साकेननं खिडकीबाहेर बघितलं. मीही गप्प बसले, कारण सही महत्त्वाची होती. त्यांनी सही केली.

सकाळी सातला मी दवाखान्याच्या संडासात त्या पांढऱ्या डब्यावर बसले. बाहेर परिचारिका उभी, घड्याळ बघत. होईना. माणसाला हुकमावर हगता येत नाही, ते त्या दिवशी कळलं. शेवटी झालं. मी झाकण लावलं आणि डबा हातात घेऊन निघाले. प्लास्टिकमधून ऊब तळहाताला लागत होती. माझ्याच अंगातलं, तरी मी ते अंगापासून लांब धरलं. बोळात एक बाई नातवाला दूध पाजत बसली होती, तिच्यासमोरून मी ते घेऊन गेले. घरी आल्यावर तीनदा साबण लावला आणि तरी त्या हातानं पोरीची वेणी घालवेना.

पण गुण आला. चौथ्या दिवशी रक्त थांबलं. दहाव्या दिवशी म्हातारा दिवसातून दोनदाच उठला आणि एकदा तर घट्ट झालं, ते बघायला साकेनला हाक मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौथ्या आठवड्यात आणखी एक मात्रा देऊ, म्हणजे बसेल नीट, मग सलाइनचं बघू. पहिल्या खेपेतलं थोडं गोठवून ठेवलं होतं, ताजंही लागणार होतं. मी हो म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात झामाल अपांनी मेजवानी ठेवली. मेंढी कापली, घोड्याचं मांस आतड्यात भरून काझी केलं, तीस माणसं. सगळं रांधलं मी, हे सांगायला नको. सासरे मधोमध, उशांना टेकून, गालांवर जरा रंग आलेला. वडीलधाऱ्यानं मांस चिरून मूठभर तरुणाच्या तोंडात आपल्या हातानं घालायचं, हा आमच्यातला मोठा मान. या माणसानं आयुष्यात तो कुणाला दिला नव्हता. दुसऱ्याची लाळ बोटांना लागेल ना. त्या दिवशी त्यांनी बाही सारली, चरबीची बोटभर जाड चकती उचलली आणि दुलातला पुढे बोलावलं. दुलातनं तोंड वासलं. बोटं आत गेली, ओठांना लागली, बाहेर आली, आणि म्हाताऱ्यानं ती पुसलीसुद्धा नाहीत. अपा डोळे टिपत होत्या. मी रश्शाचं भांडं घेऊन दारात उभी होते.

“बघा,” म्हणाले सगळ्यांना, “स्वच्छ घराण्याचं पोट काय करतं ते. या शेणीवालीसारख्यांचं घातलं असतं, तर त्याच दिवशी सडून मेलो असतो.”

लोक हसले. साकेनही हसला, जरासा, माझ्याकडे न बघता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं तसं. त्या चकचकीत बोटांची, दुलातच्या तेलकट हनुवटीची, नवऱ्याच्या त्या अर्ध्या हसण्याची, सगळ्याची एकदम घाण वाटली मला. रस्सा वाढला मी. सगळ्यांना वाढला, पुन्हा हवा का म्हणून विचारलंही.

दुसऱ्या दिवशी वेरा गेन्नादियेव्नांकडे जाऊन दाता म्हणून केलेली माझी सही मागे घेतली. दात्याला कारण द्यावं लागत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, एवढंच विचारलं की नक्की ना, आणि सांगितलं की गोठवलेलं आहे तेही आता टाकून द्यावं लागेल. मी म्हटलं, टाका. गुवाचं काय एवढं.

त्यानंतर नवव्या दिवशी चादरीवर रक्त दिसलं. खोटं कशाला बोलू, घटकाभर मला बरं वाटलं. मग पुन्हा तेच घमेलं, तोच वास, तेच माझे दोन हात.

साकेन रात्रंदिवस मागे लागला. मी त्याला म्हटलं, मी नाही म्हणत नाही, पण मागू दे त्यांना. ज्याला हवं त्यानं मागावं, तोंडानं, माझ्याकडे. झामाल अपा आल्या, माझा हात हातात घेतला, मग सोडला, मग ओरडल्या. सासऱ्यानं सुनेपुढे हात पसरायचे? गुडघे टेकायला लावतेस का म्हाताऱ्याला?

“गुडघे नकोत,” मी म्हटलं. “तोंड उघडलं तरी पुरे.”

शेवटी साकेननं बापाला सांगितलं. मी भिंतीच्या या बाजूला होते. आधी साकेनची कुजबुज ऐकू आली. मग ओकाऱ्या, एकामागून एक, पोटात काही नसताना माणूस ओकतो तशा कोरड्या. मग नळ. म्हातारा सोड्यानं तोंड धूत होता, गुळण्या करत होता, खळखळून, कितीतरी वेळ. गेलं होतं खालून आणि हा माणूस तोंड धूत होता.

चार दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पुसायलाही येऊ दिलं नाही, साकेनला हाक मारायचे, आणि साकेन, देवाची करणी, शिकला एकदाचा. डॉक्टरीणबाई येऊन पोट दाबून गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, आठवडा आहे हातात, फार तर. माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, भिंतीकडे बघून म्हणाल्या. मी मात्र हटले नाही. अडला हरी येईल, म्हटलं, येऊ दे.

पाचव्या दिवशी दुपारी मी बाऊरसाक तळायला पीठ मळत होते. पोर शाळेत, साकेन औषधाला गेलेला. बोळात घासत घासत काहीतरी येताना ऐकू आलं. सासरे भिंतीला धरून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. अंगावर साकेनचा सदरा, खाली लहान पोरांना बांधतात तसलं, आणि पाय म्हणजे नुसत्या काटक्या. ओट्याकडे बघितलं नाही त्यांनी. माझ्याकडेही नाही.

“नमुना लागणार आहे,” म्हणाले.

“कसला?”

“जैविक पदार्थ. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“मला मोठे शब्द कळत नाहीत, अता. मी शेणी थापणाऱ्यांतली. काय हवंय त्याचं नाव घ्या.”

त्यांनी ओठांवरून बाही फिरवली. कपाळावर घाम आला होता. हात भिंतीवरून घसरला, परत वर नेला. मी पीठ मळत राहिले, मुद्दाम, सावकाश. मला ऐकायचं होतं. अकरा वर्षं मी याची वाट बघत होते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

“गू,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. “तुझा गू दे मला, केलिन. मला मरायचं नाहीये.”

मला वाटलं होतं, गोड लागेल. लागलंही, एक घोट, आणि मग घशात अडकलं. चौऱ्याहत्तर वर्षांचं माणूस, पोत्यापेक्षा हलकं, लंगोटात, आणि मी त्याला दारात उभं करून कबुली वदवून घेत होते, हातातलं काम न थांबवता. खानावळवाल्यांना त्यांनी असंच उभं केलं असणार. इतके दिवस त्यांच्या घाणीत हात घातले, पण स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

“किळस येते मला,” ते म्हणाले. “अजून येते. खोटं नाही बोलणार.”

“मलाही येते,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. तेवढं आमचं जमलं. मी हात धुतले, खुर्ची पुढे सरकवली, पण ते बसले नाहीत. उद्या सकाळी सात वाजता जाते, सही पुन्हा करते, म्हणून सांगितलं. ते वळले आणि भिंत चाचपत दोन पावलं गेले. मग थांबले.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

अकरा वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. उद्या सातला डबा भरायचा होता; आज का विचारत होते ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी ओट्यावरून वाटी घेतली, कालचा रस्सा ओतला आणि त्यांच्या देखत उभ्या उभ्याच प्यायला लागले. वाटी रिकामी होईपर्यंत ते तिथेच उभे होते.